शिक्षण संपलं, माहिती तिथेच राहिली: विद्यापीठांमधल्या डेटाचोऱ्यांबद्दल

जुनीवही (धागाकर्ती)

२००४ साली ग्रीनिच विद्यापीठात एका प्रशिक्षण परिषदेसाठी छोटंसं संकेतस्थळ तयार केलं गेलं. परिषद आटोपली, पण संकेतस्थळ बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. २०१३ मध्ये त्यात पहिल्यांदा कुणीतरी शिरलं. २०१६ मध्ये पुन्हा शिरकाव झाला आणि या वेळी त्या विसरलेल्या पानावरून हल्लेखोर आतल्या सर्व्हरपर्यंत पोचले. सुमारे साडेएकोणीस हजार माणसांची नावं, पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर त्यांच्या हाती लागले. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास नोंदी तर फार नाजूक होत्या: कुणाला शिकण्यात काय अडचण आहे, कोणता कर्मचारी कशाने आजारी होता, वगैरे. ते सगळं नंतर इंटरनेटवर टाकलं गेलं. २०१८ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी विद्यापीठाला १ लाख २० हजार पौंड दंड केला.

हे मुद्दाम आधी सांगितलं. अशी बातमी आली की चर्चा लगेच हॅकर किती हुशार, कुठल्या देशाचा, याच्यावर जाते. ती माहिती इतकी वर्षं तिथे होतीच कशाला, हे कुणी विचारत नाही.

इतर प्रकरणं पाहा. फेब्रुवारी २०१४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने ३,०९,०७९ नोंदी चोरीला गेल्याचं जाहीर केलं (हा आकडा पुढे थोडा कमी झाला). १९९८ पासून विद्यापीठाचं ओळखपत्र घेतलेली माणसं त्यात होती, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकासकट (म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक). मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा ताबा घेऊन कुणीतरी तीस लाखांहून जास्त अर्जदारांची माहिती उघडी टाकली. त्यातल्या नोंदी १९८९ पर्यंत मागे जात होत्या. लक्षात घ्या, मी अर्जदार म्हणतेय. अर्ज करणारे सगळेच काही तिथे शिकले नव्हते.

म्हणजे ज्याला प्रवेशच मिळाला नाही, त्याच्या आईवडिलांची माहितीही विद्यापीठाने दशकानुदशकं सांभाळायची आणि एके दिवशी ती चोराच्या हाती द्यायची. मला याचा मनापासून संताप येतो. इथे विद्यापीठात काम करणारी, शिकणारी मंडळी आहेत. तुमचं काय मत?

सर्व्हरखोली

धागा काढलात ते फार बरं झालं. मी एका विद्यापीठाच्या आयटी विभागात आहे, कुठल्या ते सांगत नाही.

जुन्या गोष्टी पडून राहण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचं प्रकरण आमच्याकडे आम्ही नव्या माणसांना वाचायलाच लावतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या एका वरिष्ठ व्यक्तीच्या नावावर एक ईमेल आली. त्या व्यक्तीचा मेलबॉक्स पाहणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने ती नुसती पूर्वदृश्यात पाहिली. लिंकवर क्लिक नाही, जोडपत्र उघडलं नाही, तरी लॉगिनचा तपशील बाहेर गेला. तिथून हल्लेखोर एका विभागाच्या वेबसर्व्हरवर आणि मग एका जुन्या सर्व्हरवर पोचले. चाचणीचं सॉफ्टवेअर असलेला हा सर्व्हर खरं तर बंदच करायचा होता. पण नेटवर्कच्या ज्या भागात तो जोडलेला होता, तिथून जवळजवळ सगळीकडे जाता येत होतं. हल्लेखोर सहा आठवड्यांच्या आसपास आत वावरले, जाताना नोंदी पुसत गेले. मनुष्यबळ, हिशेब, विद्यार्थी प्रशासन हे सगळं असलेल्या यंत्रणेत हात घातला. पत्ता लागला २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये. जूनमध्ये जाहीर केलं तेव्हा अंदाज होता १९ वर्षांची माहिती आणि दोन लाखांच्या आसपास माणसं. प्रत्यक्षात नेलेला डेटा त्याहून बराच कमी असावा, असं पुढच्या तपासात दिसलं.

त्यांचं एक मला फार मोठं वाटतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी सगळा घटनाक्रम तपशीलवार अहवाल लिहून जगासमोर ठेवला. आपलं कुठे चुकलं ते स्वतःच सांगितलं. त्या अहवालाने इतर विद्यापीठांच्या आयटीवाल्यांचं जेवढं शिक्षण झालं, तेवढं कुठल्याही प्रशिक्षण शिबिराने होत नाही.

आता आमची बाजू. बँकेत कुठलं यंत्र नेटवर्कला जोडायचं ते एक खातं ठरवतं. आमच्याकडे प्रत्येक विभाग स्वतःच्या मर्जीचा मालक. कुणा प्राध्यापकाने अनुदानातून सर्व्हर घेतला, पीएचडीच्या विद्यार्थ्याने तो उभा केला, विद्यार्थी पदवी घेऊन गेला. सर्व्हर टेबलाखाली चालू! त्याचा पासवर्ड कुणाला माहीत नाही आणि बंद करू म्हटलं की ‘त्यावर काहीतरी महत्त्वाचं आहे’ असं उत्तर येतं. हजारो नवी माणसं दर वर्षी येतात, तेवढीच जातात, प्रत्येकाची दोन-तीन उपकरणं. बाहेरच्या संशोधकांनाही आत यायचं असतं. दारं बंद करून विद्यापीठ चालवता येत नाही.

पहिलंसत्र

मी अजून शिकतेय. एक विचारू? फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी असते. भरला नाही तर पुढचं पान उघडत नाही. वसतिगृहाच्या अर्जात आईचं उत्पन्न आणि माझी आजारपणं दोन्ही विचारतात. आम्ही नाही कसं म्हणायचं?

आणि हॅकर तर नंतरची गोष्ट. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर विभागाकडून एक्सेल फाइल आली होती, शिष्यवृत्तीची. यादी फक्त नावांची दिसत होती. पण खालच्या दुसऱ्या शीटवर सगळ्यांचे खाते क्रमांक, फोन नंबर आणि ‘अर्ज फेटाळण्याचे कारण’ असा रकाना होता. एका मुलीच्या नावापुढे तिच्या घरची परिस्थिती दोन ओळींत लिहिली होती. फाइल मागे घेईपर्यंत ती सगळ्यांच्या फोनमध्ये उतरली होती. ती मुलगी नंतर बरेच दिवस वर्गात आली नाही.

जुनीवही

@पहिलंसत्र, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. याची बातमी कुठे छापून येत नाही, पण डेटा फुटणं म्हणतात ते हेच. कायद्याच्या नजरेतही चुकून पाठवलेली फाइल ही माहितीची गळतीच असते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याखाली असं काही घडलं आणि लोकांना त्यातून धोका असला, तर ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं. मग चोरी झालेली असो की चुकीच्या माणसाला ईमेल गेलेली असो.

टाचणी

माझी नोकरी परीक्षा विभागात गेली, आता निवृत्त आहे. थोडी दुसरी बाजू मांडतो.

सगळं पुसून टाका म्हणणं सोपं आहे. तीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेला माणूस येतो, परदेशात नोकरी लागली म्हणतो, गुणपत्रिका हरवलेली असते. कधी एखादी बाई येते, लग्नानंतर नाव बदललेलं, कागद पुरात गेलेले. त्यांना नोंद सापडली नाही म्हणून सांगायची वेळ आली तर त्यांचं आयुष्य अडतं. शिवाय खोट्या पदव्यांचा सुळसुळाट आहे, पडताळणीची पत्रं रोज येतात. नोंदवही जपणं हे विद्यापीठाचं कामच आहे.

पण जुनीवहीताई, तुमचा राग ज्या गोष्टींवर आहे त्या नोंदवहीत नसतातच. नोंदवहीला लागतं काय? नाव, जन्मतारीख, विषय, गुण, वर्ग, वर्ष. एक ओळ. बाकीचं सगळं त्या ओळीला चिकटून येतं: उत्पन्नाचा दाखला, बँकेचा तपशील, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखपत्राच्या छायाप्रती, पालकांच्या सह्या. एकेका कामापुरते मागितलेले कागद. शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले की खात्याचा तपशील ठेवायचं कारण संपलं. सवलतीने जास्तीचा वेळ मिळाला, परीक्षा झाली, निकाल लागला, तक्रारीची मुदत गेली, की डॉक्टरांच्या कागदाचं कारण संपलं.

कागदाच्या काळात निदान जागा संपायची. कपाट भरलं की जुने गठ्ठे काढावे लागायचे, यादी व्हायची, कुणाची तरी सही व्हायची, मग नष्ट करायचे. संगणक आले आणि जागा संपणंच थांबलं. त्याबरोबर ‘हे ठेवायचं का’ हा प्रश्न विचारणारा माणूसही गेला. माझ्या कारकिर्दीत डिजिटल नोंदी नष्ट करण्याचा आदेश माझ्या टेबलावर आल्याचं मला आठवत नाही.

सर्व्हरखोली

टाचणीकाका, शेवटचं वाक्य छापून आमच्या खोलीत लावावं असं आहे. बॅकअप घ्या असं आम्हाला दर महिन्याला सांगतात. पुसा असं लेखी कुणी देत नाही आणि लेखी नसताना पुसलं तर नोकरी जाते. हे आयटीच्या हातात नाही. कुलसचिवांनी लेखी मुदती ठरवून दिल्या पाहिजेत.

मधलीसुट्टी

+१ टाचणी. अप्रतिम प्रतिसाद.

चौकटराजा

चर्चा चांगली आहे, पण सगळा दोष विद्यापीठांच्या माथी मारणं मला पटत नाही. हल्ली माहिती त्यांच्याकडे असते कुठे? ती बाहेरच्या कंपन्यांकडे असते.

२०२० चं ब्लॅकबॉड घ्या. माजी विद्यार्थी आणि देणगीदारांच्या याद्या सांभाळणारी ही कंपनी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत चोर तिच्या यंत्रणेत होते. कंपनीने खंडणी भरली, डेटा नष्ट केल्याचं चोरांकडून वदवून घेतलं आणि जुलैमध्ये ग्राहकांना कळवलं की बँक खात्यांचे तपशील गेले नाहीत. ते खरं नव्हतं. यावरून अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०२३ मध्ये ३० लाख डॉलर दंड केला आणि राज्यांबरोबरची तडजोड ४ कोटी ९५ लाख डॉलरची झाली. ब्रिटनमधल्या कितीतरी विद्यापीठांना तेव्हा आपल्या माजी विद्यार्थ्यांना माफीची पत्रं पाठवावी लागली.

मे २०२३ मध्ये मूव्हइट. फाइली इकडून तिकडे पाठवायचं सॉफ्टवेअर. त्यातली एक फट क्लॉप नावाच्या टोळीला सापडली आणि एकाच झटक्यात जगभरातल्या संस्थांच्या फाइली गेल्या. अमेरिकेत नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस ही पदव्यांची पडताळणी करणारी संस्था आहे, तिच्यामार्फत नऊशेच्या आसपास शिक्षणसंस्थांना झळ बसली. त्याच टोळीने त्याआधी दोन-अडीच वर्षं अ‍ॅक्सेलियन या कंपनीच्या फाइल पाठवण्याच्या जुन्या उपकरणातून कॅलिफोर्निया विद्यापीठाची आणि स्टॅनफर्डच्या वैद्यकीय शाखेची माहिती काढली होती. यात विद्यापीठाने काय करायचं होतं?

जुनीवही

चौकटराजा, अ‍ॅक्सेलियनचं ते उपकरण २० वर्षं जुनं होतं आणि खुद्द कंपनीच ग्राहकांना नव्यावर चला म्हणत होती. पुन्हा तेच, ‘चालतंय ना, चालू दे’.

बाहेरच्या कंपनीला काम द्यायला माझी हरकत नाही. पण मी माहिती दिली विद्यापीठाला. कंपनीचं नाव मला कळतं ते ती फुटल्यावर. करार करताना काम झाल्यावर फाइल किती दिवसांत पुसायची, एवढं तरी विद्यापीठाला लिहून घेता येतं. मूव्हइटसारखं सॉफ्टवेअर फाइल पोचवण्यासाठी असतं. पोचलेली फाइल तिथे ठेवून द्यायचं कारण काय?

उभाछेद

माजी विद्यार्थ्यांचा विषय निघालाच आहे तर २०२५ चा शेवट बघा. ऑक्टोबरच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन आणि हार्वर्ड. तिन्ही ठिकाणी देणगीदार आणि माजी विद्यार्थी सांभाळणाऱ्या विभागांच्या यंत्रणा लक्ष्य झाल्या. प्रिन्स्टन आणि हार्वर्डने तर सांगितलं की कर्मचाऱ्याला फोन करून फसवलं गेलं. फोनवर गोड बोलून आत गेले, बास.

प्रिन्स्टनचं म्हणणं होतं की त्या यंत्रणेत सहसा पासवर्ड किंवा बँकेची माहिती नसते. ठीक आहे. पण कोण कुठे राहतो, कुणी किती देणगी दिली, घरात कोण कोण आहे, हे समजल्यावर पुढच्या फसवणुकीला आणखी काय लागतं?

पहिलंसत्र

हेच मला नीट समजून घ्यायचंय. डेटा गेला म्हणजे नेमकं काय होतं? पासवर्ड बदलला की संपलं ना?

सर्व्हरखोली

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख, आईचं नाव, शाळेचं नाव कसं बदलणार?

प्रत्यक्षात काय होतं सांगतो. फोन येतो. समोरचा तुमचं पूर्ण नाव घेतो, बैठक क्रमांक सांगतो, कुठल्या वर्षी कुठल्या शाखेत होता ते सांगतो. म्हणतो, तुमची अनामत रक्कम परत करायची राहिली आहे, किंवा शिष्यवृत्तीचा एक हप्ता अडकलाय. एवढी माहिती विद्यापीठाशिवाय कुणाकडे असणार, असं वाटून माणूस विश्वास ठेवतो. मग तो ओटीपी मागतो. सावध माणसंही यात फसतात. बातमी येऊन वर्ष-दोन वर्षं उलटलेली असतात, त्यामुळे त्या फोनचा चोरीशी संबंध कुणी लावत नाही.

म्हणून विद्यापीठाकडून माहिती फुटल्याचं पत्र आलं तर पहिल्यांदा त्यात *काय काय* गेलं ते वाचा. नुसता ईमेल पत्ता गेला असेल तर फसव्या मेलांपासून सावध राहणं पुरतं. पासवर्ड गेला असेल तर तोच पासवर्ड आणखी कुठे कुठे वापरलाय ते आठवून सगळीकडे बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. बँकेचा तपशील गेला असेल तर बँकेला लेखी कळवा. ओळख क्रमांक गेला असेल आणि तुमच्या देशात पतअहवाल गोठवायची सोय असेल तर ती लगेच वापरा, म्हणजे तुमच्या नावावर दुसरं कुणी कर्ज काढू शकणार नाही. आणि ते पत्र जपून ठेवा. पुढे फसवणूक झाली तर माहिती कुठून गेली याचा तोच पुरावा.

आपला पत्ता कुठल्या चोरीत गेलाय का, ते ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर ईमेल टाकून पाहता येतं. जी प्रकरणं त्यांच्या संग्रहात आहेत तेवढीच तिथे दिसतात. नाव नाही आलं म्हणजे सुटलो असं समजू नका.

मधलीसुट्टी

पासवर्ड बदलण्यावरून आठवलं. डिसेंबर २०१९ मध्ये जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठावर हल्ला झाला आणि सगळं इंटरनेट बंद करावं लागलं. ईमेलवरून नवे पासवर्ड पाठवायची सोय नव्हती आणि ओळख पटवल्याशिवाय द्यायचेही नव्हते. त्यामुळे ३८ हजारांच्या आसपास विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना रांगेत उभं राहून, ओळखपत्र दाखवून, कागदावर छापलेला पासवर्ड घ्यावा लागला. भर थंडीत त्या रांगा कितीतरी दिवस चालल्या होत्या. त्याचे फोटो पाहिले होते मी.

चौकटराजा

आणि त्याच महिन्यात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने खंडणी भरली. ३० बिटकॉइन, तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो. हल्ला २३ डिसेंबरला उघड झाला, पण फसवी ईमेल ऑक्टोबरमध्येच उघडली गेली होती. संशोधनाच्या फाइली, परीक्षा, पगार सगळं हल्लेखोरांनी कुलूपबंद केलेलं, उघडायची किल्ली हवी तर पैसे द्या. त्यांनी हे लपवलं नाही, फेब्रुवारीत जाहीर परिषद घेऊन सांगितलं. पुढे पोलिसांना त्या पैशांतला काही भाग एका खात्यात सापडला. तोवर बिटकॉइन इतकं वधारलं होतं की परत मिळालेल्या भागाचीच किंमत पाच लाख युरोंच्या आसपास झाली. ते पैसे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी वापरायचं विद्यापीठाने ठरवलं. तेव्हा खंडणी भरूच नये असं सरसकट म्हणणाऱ्यांनी त्या कुलगुरूंच्या जागी बसून बघावं.

उभाछेद

तिथे प्रश्न कुलूप उघडण्याचा होता, किल्ली मिळाली. चोरी झालेल्या माहितीला किल्ली नसते. ब्लॅकबॉडने पैसे देऊन चोराचा शब्द घेतला होता, तो शब्द कुठल्या कोर्टात चालवणार?

खंडणीचा विषय वेगळ्या धाग्यात घेऊ या का? इथला मूळ मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रानवाट

संशोधकांच्या वतीने एकच. जुन्या विद्यार्थ्यांचा डेटा अभ्यासाला लागतो: कोण मध्येच शिक्षण सोडतं, कुठल्या गटाला शिष्यवृत्तीचा उपयोग झाला, वगैरे. पण त्यासाठी नाव-पत्ता-फोन लागत नाही. ओळख काढून टाकलेली प्रत पुरते आणि मूळ प्रत पुसता येते. संशोधनाचं कारण पुढे करून कुणी सगळंच ठेवत असेल तर ते ऐकून घेऊ नका.

जुनीवही

सगळ्यांचे आभार. टाचणीकाकांनी नोंदवही आणि चिकटलेले कागद असा जो फरक केला, त्यावरून विद्यापीठाला पाठवायचा अर्ज लिहायला घेतलाय. मसुदा असा:

‘मी आपल्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी आहे. माझी कोणकोणती वैयक्तिक माहिती सध्या आपल्याकडे आहे, ती कुठल्या कामासाठी घेतली होती आणि ते काम पूर्ण झालं आहे का, ते कृपया लेखी कळवावे. बँक खाते, वैद्यकीय प्रमाणपत्रे, पालकांचे उत्पन्न आणि ओळखपत्रांच्या प्रती यांची मुदत संपली असल्यास त्या नष्ट कराव्यात व तसे कळवावे. गुणांची व पदवीची नोंद कायम ठेवावी. माझी माहिती कोणत्या बाहेरील संस्थांना दिली आहे, त्यांची नावे द्यावीत.’

काही सुटलं असेल तर सांगा.

टाचणी

चांगला झालाय. दोन सूचना. एक, ‘बॅकअपसह’ हा शब्द घाला, नाहीतर चालू यंत्रणेतून काढतील आणि जुन्या प्रती तशाच राहतील. दोन, अर्ज आयटीकडे न पाठवता कुलसचिवांच्या नावे द्या, माहिती संरक्षण अधिकारी असेल तर प्रत त्यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. आणि ओळख पटवण्यासाठी पुन्हा ओळखपत्राची छायाप्रत मागतील, तेव्हा त्यावर आडवं लिहा: ‘फक्त या अर्जासाठी’, खाली तारीख.

पहिलंसत्र

मी तर अजून शिकतेच आहे, मी काय लिहू?

टाचणी

तू वसतिगृहाच्या अर्जापासून सुरुवात कर. आजारपणाचा रकाना कशासाठी आहे, तो कोण वाचतो आणि वर्ष संपल्यावर त्याचं काय होतं, एवढं विचार. एकटीने देऊ नकोस, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घे.

सर्व्हरखोली

आणि त्या एक्सेल फाइलबद्दलही त्याच अर्जात लिही. ती ज्यांच्या फोनमध्ये असेल त्यांना आधी पुसायला सांग.